गेल्या तीन बाजारांत कुठे काम केलं?

पोळा सरला की नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. रामटेक, पारशिवनी, देवलापार, भिवापूरकडून येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून येतात. छिंदवाडा आणि शिवनीकडूनही येतात, कारण त्यांना भोपाळपेक्षा नागपूर जवळ. त्यांतले कितीतरी गोंड, माडिया, कोरकू, कोलाम वस्त्यांमधले असतात. अनेकांजवळ आधीच्या दोन-तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या असतात. एकीवर व्हायरल, दुसरीवर टायफॉइड, तिसरीवर डेंग्यू.

त्या चिठ्ठ्यांवर तापाचा आकडा असतो, गोळ्यांची नावं असतात, कधी प्लेटलेटही असतात. हा माणूस ताप येण्याआधी काय काम करत होता, ते मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. प्राण्यांपासून आणि त्यांच्या अंगावरच्या किड्यांपासून येणारे ताप पहिल्या चार दिवसांत एकमेकांसारखेच दिसतात. ओळखायचे तर काम विचारावं लागतं. गवत कापणारा, धानाच्या बांधीत (वाफ्यात) उतरणारी, गुरं राखणारा, बकरीचं बाळंतपण करणारी, मोह वेचणारी, या प्रत्येकाची एखाद्या प्राण्याशी वेगळी गाठ पडते आणि आजारही त्या गाठीप्रमाणे वेगळा असतो. जंगलाकाठच्या आरोग्य सेवेत ही एक सवय लागली तरी बरेच जीव वाचतील, असं मला ठामपणे वाटतं.

आता विचारायचं कसं? ‘किती तारखेला शेतात गेला होतात’ असं विचारलं की अंदाजपंचे उत्तर येतं. आठवडी बाजार मात्र सगळ्यांना पक्का आठवतो. म्हणून असं विचारा: ताप मागच्या बाजाराच्या आधी आला की नंतर? त्याआधीच्या तीन बाजारांत कुठे कुठे कामाला गेला होतात? तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस. गवतातल्या माइट नावाच्या किड्यापासून येणारा ताप, स्क्रब टायफस, किडा चावल्यापासून ६ ते २१ दिवसांत उठतो, बांधीतल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस बहुधा ५ ते १४ दिवसांत, जपानी मेंदूज्वर ५ ते १५ दिवसांत. तिन्ही या तीन बाजारांत बसतात. रेबीज आणि ब्रुसेला (गुरा-बकऱ्यांपासून येणारा लांबणारा ताप) यांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे येईलच.

प्रश्न नेमका हवा. ‘जंगलात गेला होता का’ याला काही अर्थ नाही, ते तर रोजच जातात. गवत कापलं का? कुठल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर? जेवायला कुठे बसलात? सात्या (रानातल्या अळंब्या) वेचायला झुडपात शिरलात का? धानाच्या रोवणीला (लावणीला) किती दिवस होतात? कोठ्यात (गोठ्यात) एखादं जनावर गाभडलं का, अचानक मेलं का? कुत्र्याने चाटलं, ओरबाडलं? भामरागडकडे माडियात, धारणीकडे कोरकूत हे विचारायचं असेल तर आशाताईला मध्ये घ्या. आणि दवाखान्यात सोबत आलेल्या नातेवाइकापेक्षा कामावर सोबत असलेल्या माणसाला विचारा. नवऱ्याला बायको कुठल्या बांधीत होती ते पुष्कळदा ठाऊक नसतं, तिच्या रोवणीच्या जोडीदारणीला ठाऊक असतं.

गवतातली अळी

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा हे नाव शहरात पहिल्यांदा घरोघरी पोचलं. आजार मात्र जुना आहे. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू तो घडवतो आणि एक बारीक माइट तो पोचवतो. माइट म्हणजे गोचिडीच्या कुळातला जीव. चावते ती फक्त त्याची अळी. आकार साधारण ०.२ मिलिमीटर, रंग नारिंगी-लालसर, पाय सहा. डोळ्याला ती दिसत नाही असंच धरून चाला. अळी गवताच्या पात्यावर चढून थांबते. उंदीर, घूस, चिचुंद्री जवळून गेली की तिच्या अंगावर चढते आणि माणूस गेला तर माणसाच्या. ती रक्त पीत नाही, कातडीच्या पेशी विरघळवून तो रस शोषते. आपल्याकडे हा चावा दुखत नाही, बहुधा खाजतही नाही. त्यामुळे ‘काही चावलं का’ याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं आणि ते खरंच असतं.

जंतू माइटच्या आईकडून अंड्यात उतरतो, पिढ्यान् पिढ्या. म्हणून काही जागा वर्षानुवर्षं धोक्याच्या राहतात. एका धुऱ्यावर अळ्यांची गर्दी असते आणि पन्नास पावलांवर एकही नसते. पडीक वावर, जुनी झूम (फिरत्या शेतीची सोडलेली जागा), नाल्याकाठचा झुडपी पट्टा, उंदरांची बिळं असलेला बांध आणि त्यावर कमरेएवढं ओलं गवत, ही त्यांची ठिकाणं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत हे गवत उभं असतं आणि नेमक्या याच दिवसांत ते कापायचं असतं, गुरं त्यातून हाकायची असतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘आदिवासी अस्वच्छ राहतात म्हणून होतं’ हे वाक्य मी कित्येक शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते चूक आहे आणि अपमानकारकही. रोज सारवलेल्या घरातल्या बाईलाही धुऱ्यावरच्या गवतातली अळी चावते. नागपुरात मोकळ्या प्लॉटवरच्या गवतात खेळणाऱ्या पोरालाही चावते.

चाव्याच्या जागी आधी बारीक पुळी उठते, मग व्रण होतो आणि त्यावर काळी खपली धरते. अर्धा ते एक सेंटिमीटरची, कडेला लालसर वळं, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ताप येईपर्यंत बहुधा ती तयार असते. ती दिसली की निदान जवळजवळ झालं. अडचण ही की ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि ती झाकलेल्या जागी असते. अळी अंगावर फिरत फिरत कपडा जिथे आवळलेला असेल तिथे थांबते. कमरेला लुगड्याची गाठ किंवा नाडा येतो तिथे, काखेत, स्तनांखाली, जांघेत, गुडघ्यामागे, पार्श्वभागाच्या घडीत. लहान मुलांत कानामागे आणि मानेवर केसांच्या कडेलाही पाहा. सावळ्या कातडीवर लालसर वळं उठून दिसत नाही, त्यामुळे बॅटरी हवी. ओल्या घडीत, म्हणजे जांघेत किंवा काखेत, काळी खपली धरतच नाही. तिथे फिकट, उथळ व्रण असतो आणि तो खरचटल्यासारखा वाटून सुटतो. जांघेत किंवा काखेत एखादी गाठ सुजून दुखत असेल तर त्या बाजूचा पाय, हात, पोट नीट पाहा, खपली तिकडेच कुठेतरी सापडते.

हे तपासायला आडोसा लागतो आणि बाईला तपासायला बाई लागते. उपकेंद्रात एक पडदा आणि आरोग्य सेविकेची पाच मिनिटं, यावर निदान अवलंबून आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दीत उभ्या-उभ्या स्टेथोस्कोप लावून खपली सापडणार नाही. आणि खपली सापडली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असंही होत नाही. कितीतरी रुग्णांत ती नसतेच.

तपासण्या कुठे फसवतात ते सांगायला हवं. प्लेटलेट कमी होतात, लिव्हरचे आकडे थोडे वाढतात, म्हणून डेंग्यू म्हटलं जातं. विडालची एकच चाचणी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड म्हटलं जातं. टायफॉइड ठरवायला ती एकटी चाचणी भरवशाची नाही. वेल-फेलिक्स ही रक्तचाचणी स्वस्त आहे, पण स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. आयजीएम एलायझा चांगली, पण अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर जातो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती निगेटिव्ह येऊ शकते. पीसीआर लवकर सांगतो, पण त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जावा लागतो. नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि रान यांच्या आजारांचा एकत्र विचार करणारी संस्था विदर्भात असणं ही मोठी गोष्ट आहे. तरी औषध सुरू करण्याचा निर्णय गावातच घ्यावा लागतो, अहवाल यायच्या आधी.

औषध आहे डॉक्सिसायक्लिन. सरकारी पुरवठ्यात असतं, बाजारातही महाग नाही. पुढच्या मात्रा उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी आहेत, घरच्या घरी घेण्यासाठी नाहीत. ४५ किलोवरच्या माणसाला १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस. ४५ किलोखालच्या मुलांना किलोमागे ४.५ मिलिग्रॅम रोज, दोन वेळांत विभागून. गरोदर बाईला डॉक्सी नको, तिला ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, ५ दिवस. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कोरडी गिळून झोपलं तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते, छातीत जळजळ सुरू होते आणि मग रुग्ण औषधच सोडतो. दूध, आम्लपित्ताची औषधं, लोहाची गोळी यांच्यासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही; मध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. किशोरवयीन मुलींना आठवड्याची लोहाची गोळी चालू असते, ते विचारून घ्या.

बरोबर रोगाला बरोबर औषध पडलं की ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. ७२ तासांनीही उतरला नाही तर निदान पुन्हा तपासा. हा उतार इतका ठळक असतो की तिसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो आणि गोळ्या तशाच राहतात. आशाताईची एक फेरी चौथ्या दिवशी असायलाच हवी.

सगळ्यात जास्त घात होतो तो चुकीच्या इंजेक्शनने. सेफ्ट्रिअॅक्सोन, सेफिक्झिम, पेनिसिलिन यांचा या जंतूवर उपयोग नाही. तो पेशीच्या आत राहतो आणि ही औषधं ज्यावर मारा करतात तशी भिंत त्याच्याकडे नाही. गावात फिरणारा झोलाछाप डॉक्टर सलाईन लावतो, त्यात एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड टाकतो. स्टेरॉइडने दोन दिवस ताप दबतो, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं आणि सातव्या-आठव्या दिवशी माणसाला धाप लागते. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं, किडनी, मेंदू, हृदय, काहीही धरलं जाऊ शकतं. धाप, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, मान ताठणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, कुठूनही रक्त येणं, यांतलं एक जरी दिसलं तरी गोळीवर थांबू नका. डॉक्सीचा पहिला डोस देऊन १०८ बोलवा. गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम होतो, हे भारतातल्याच एका मोठ्या चाचणीने २०२३ मध्ये दाखवलं.

गडचिरोलीत आणि मेळघाटात ताप म्हटला की आधी मलेरियाची रक्ततपासणी, यात बदल नाही. फक्त ती निगेटिव्ह आली की ‘मलेरिया नाही’ एवढ्यावर वही मिटू नये. पॉझिटिव्ह आली तरी मलेरियाच्या औषधाने ताप उतरत नसेल तर खपली शोधावी. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

बचावाचं म्हणाल तर शहरातून येणारे सल्ले निम्मे निरुपयोगी असतात. ‘गवतात जाऊ नका’ हे ज्याची गुरं गवतावर जगतात त्याला सांगायचं नसतं. जमण्यासारखं असं: कामावरून आल्याबरोबर, चुलीशी बसण्याआधी, साबण लावून खरखरीत फडक्याने अंग घासून अंघोळ करायची, नाडा येतो ती जागा आणि काखा-जांघा विशेष. अळी चढल्या चढल्या चावत नाही, ती जागा शोधत फिरते. घासलेल्या अंघोळीत पुष्कळशा अळ्या निघून जातात. कामाचे कपडे वेगळे ठेवायचे, उकळत्या पाण्यात भिजवायचे आणि दोरीवर वाळवायचे. गवतावर किंवा कुंपणाच्या झुडपावर कपडे वाळत घालायची सवय आहे, ती मोडायला हवी. जेवायला, विसाव्याला गवतात बसताना खाली ताडपत्री किंवा खताचं रिकामं पोतं टाकायचं. बाळाला धुऱ्यावर निजवायचं नाही, झाडाला झोळी बांधायची. घराभोवतीचं चार-पाच हात गवत कापून टाकायचं, सरपणाची थप्पी भिंतीला लावायची नाही, धानाची कणगी दगडांवर उचलून ठेवायची म्हणजे खाली उंदीर बीळ करत नाहीत.

बांधीतलं पाणी

पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत बायका सकाळपासून पोटरीएवढ्या चिखलात वाकलेल्या असतात. उंदीर, घुशी, गुरं, डुकरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, त्या पाण्यात उतरतो. अंगठ्याच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, काट्याचं खरचटणं, डोळे, यांतून तो शरीरात शिरतो. तापासोबत पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबू देत नाहीत. डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. पुढे कावीळ आणि लघवी बंद होणं ही धोक्याची पायरी. सौम्य आजारावर डॉक्सिसायक्लिन याच मात्रेत चालतं, म्हणजे गवत आणि बांधी यांत गोंधळ झाला तरी पहिली गोळी वाया जात नाही. गंभीर रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेतून. तेच सेफ्ट्रिअॅक्सोन इथे चालतं आणि स्क्रब टायफसमध्ये नाही.

गमबूट वाटण्याच्या योजना निघतात. रोवणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, बाई तो पहिल्याच दिवशी धुऱ्यावर काढून ठेवते. त्यापेक्षा चिखल्यांवर औषध द्यावं, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी द्यावी आणि बांधीतून निघाल्यावर पाय धुवायला विहिरीचं किंवा हापशीचं पाणी जवळ असावं. चिखल्या बऱ्या करणं हे लेप्टोस्पायरोसिसचं खरं प्रतिबंधक काम आहे आणि त्याकडे कुणी आरोग्याचा विषय म्हणून पाहत नाही.

मुलांचा मेंदूज्वर

चंडिपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूर जिल्ह्यातल्या चंडिपुऱ्यावरून. १९६५ मध्ये इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात त्याने मुलांचे जीव घेतले, २००७ मध्ये नागपूर विभागात साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तो गाठतो. सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी झटके, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, इतका त्याचा वेग. यावर औषध नाही, लस नाही. म्हणून इथे तीन बाजारांचा प्रश्न नंतर, आधी गाडी. जोरदार तापासोबत उलट्या किंवा झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नका. मूल शुद्धीवर असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, आणि थेट बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय. भूमकाकडे (गावातल्या मांत्रिकाकडे) किंवा पुजाऱ्याकडे नेणारच असतील तर त्याच्याशीच आधी बोलून ठेवलेलं बरं. झटका आलेलं मूल माझ्याकडे थांबवू नका, असं तो स्वतः म्हणाला तर त्याचं वजन वेगळं असतं. त्याला शत्रू धरून हे काम होत नाही.

हा विषाणू वालुमाशी पसरवते. डासाहून लहान, दोन-तीन मिलिमीटरची. ती उंच उडत नाही, उड्या मारत जाते, आणि दिवसभर मातीच्या भिंतीच्या भेगांत, कोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती शिरू शकते, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी हवी. जूनआधी भिंतींच्या भेगा जमिनीपासून चार फुटांपर्यंत लिंपून घ्याव्या, आतून-बाहेरून आणि कोठ्याच्याही. फवारणीवाले बहुधा घर फवारतात आणि कोठा सोडतात, तिथे अडून बसा.

जपानी मेंदूज्वर धानाच्या साचलेल्या पाण्यातल्या क्युलेक्स डासांचा. विषाणू वाढतो डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. माणसाकडून पुढे जात नाही. याला लस आहे. ज्या जिल्ह्यांत हा आजार आढळतो तिथे ती ९ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान नियमित लसीकरणात दिली जाते. दुसरा डोसच चुकतो, कारण तोपर्यंत आई पुन्हा कामावर असते. डुकरांचा वाडा झोपायच्या जागेपासून शक्य तितका लांब.

दात लागला तर

रेबीज हा असा आजार, ज्यात उपचार वेळेत झाले तर माणूस वाचतो आणि लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. गावात कुत्रा, रानात कोल्हा, लांडगा, मुंगूस, आणि मोहाच्या दिवसांत अस्वल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. अस्वलाचे वार चेहऱ्यावर, डोक्यावर असतात. सगळ्यांचं लक्ष रक्त थांबवण्याकडे आणि वन विभागाच्या पंचनाम्याकडे जातं, रेबीज राहून जातो. जंगली सस्तन प्राण्याने कातडी फोडली की ती तिसऱ्या श्रेणीची जखम, म्हणजे लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही. दहा दिवस प्राण्यावर नजर ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजरासाठी आहे आणि तिथेही लस सुरू करूनच. पंचनामा नंतर होतो, उपचारांचे कागद त्यालाही कामाला येतात.

पहिलं काम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुणं. घड्याळ लावून पंधरा. नाल्यावर असाल तर नाल्याच्या वाहत्या पाण्यात, भांड्याची धार धरून, जे असेल त्याने. विषाणू साबणाने मरतो, हे अर्धं औषध तिथेच झालं. मग पोव्हिडोन आयोडीन. चुना, तिखट, हळद, तेल, चहापत्ती काही नको. त्याने जखम भडकते आणि विषाणू आत ढकलला जातो. टाके लगेच घालायचे नाहीत; घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिन जखमेत भरून काही तासांनी, सैल.

कातडीतून लस देत असाल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर. स्नायूत देत असाल तर ०, ३, ७, १४ आणि २८. लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीही नाही, तिथे ती लागू पडत नाही. घोड्यापासूनचं इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे ४० युनिट, माणसापासूनचं २०. पन्नास किलोच्या माणसाला घोड्याचं २००० युनिट, म्हणजे ३०० युनिट प्रति मिलिलिटरच्या बाटलीतून साधारण ६.७ मिलिलिटर. ते जखमेत आणि जखमेभोवती मावेल तेवढं भरायचं. जखमा खूप असतील तर सलाईनने पातळ करून सगळ्यांना पुरवायचं, एकही ओरखडा कोरडा ठेवायचा नाही. चेहऱ्यावर टोचताना हात कचरतो, पण तिथूनच मेंदू जवळ आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, इम्युनोग्लोब्युलिन बहुधा नसतं. म्हणून लसीचा पहिला डोस तिथेच द्या आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात फोन करून साठा आहे याची खात्री झाल्यावरच रुग्णाला पाठवा. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, त्यानंतर नाही. दोनशे रुपये भाडं खर्चून गेलेला माणूस ‘संपलं आहे’ ऐकून परत आला की पुढच्या डोसालाही येत नाही.

रेबीज बहुधा एक ते तीन महिन्यांत उठतो, कधी वर्षाने. तेव्हा तीन बाजारांचा हिशेब इथे पुरत नाही आणि चावून महिना झाला असला तरी लस सुरू करायची. अजून एक धोका घरातला आहे. गाय-बैलाला रेबीज झाला की लाळ गळते, गिळता येत नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मालक प्रेमाने तोंडात हात घालून पाहतो. हातावर ओरखडा असेल तर त्यालाही लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. दूध उकळून प्यायलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

कोठ्यातला लांबणारा ताप

ज्या तापाला आठवडे होतात, रात्री घाम फुटतो, कंबर आणि मोठे सांधे धरतात, वजन घटतं, आणि डॉक्सीच्या सात दिवसांत बरं वाटून पुन्हा परत येतं, तिथे ब्रुसेलाचा संशय धरा. विचारायचं ते गेल्या सहा महिन्यांचं: गाय-बकरी गाभडली का, वार कुणी हाताने काढली, कच्चं दूध कोण पितं. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जनावराच्या रक्ताची तपासणी होऊ शकते; माणूस आणि जनावर दोघांची एकदम करा. उपचार सहा आठवड्यांचे, डॉक्सिसायक्लिन आणि सोबत रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिन हे क्षयाचंही औषध असल्यामुळे आधी क्षय नाही हे पाहूनच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गाभडलेलं पिल्लू आणि वार हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलायची, चुना टाकून खोल पुरायची. कुत्र्यांपुढे टाकली की रोग गावभर फिरतो.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, समजा. ते जनावर सोलायचं नाही, कापायचं नाही, खायचं नाही. उघडलं की त्याचे बीजाणू मातीत दशकानुदशकं जगतात. सहा फूट खड्डा, खाली-वर चुना, आणि पशुवैद्यकाला निरोप. हे सांगताना एक भान हवं. मेलेलं जनावर खाणं हा अनेक घरांत भुकेचा प्रश्न असतो. नुकसानभरपाई मिळवून द्यायला मदत करणाऱ्याचं ऐकलं जातं, नुसती मनाई करणाऱ्याचं नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं

वरच्या रुग्णालयात पाठवताना अर्ध्या पानावर एवढं लिहा. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला. गेल्या तीन बाजारांत कुठलं काम, कुठल्या जागी. खपली कुठे आहे. नसेल तर ‘पूर्ण अंग पाहिलं, दिसली नाही’ असं स्पष्ट, कारण न पाहिलेलं आणि न दिसलेलं यात फार फरक आहे. मलेरियाची तपासणी आणि तिचा निकाल. वजन. डॉक्सीचा पहिला डोस किती वाजता. आधी कुणी इंजेक्शन दिलं असेल तर त्याची रिकामी कुपी चिठ्ठीला चिकटवा, नाव विचारून कळणार नाही. शेवटची लघवी कधी झाली. चावा असेल तर किती वेळ धुतला, लस कोणत्या दिवशी, इम्युनोग्लोब्युलिन दिलं की नाही. रुग्ण माडिया, गोंडी किंवा कोरकूच बोलत असेल तर दोन्ही भाषा येणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तिचा एक फोटो आशाताईच्या फोनमध्ये ठेवा. मेडिकलच्या आवारात कागद हरवायला वेळ लागत नाही.

गाडी गेली की त्याच दिवशी त्याच्यासोबत त्याच धुऱ्यावर गवत कापायला गेलेल्या बाकीच्यांच्या घरी जा. बॅटरी घेऊन, सोबत आरोग्य सेविका घेऊन. कुणाला ताप आहे का विचारा आणि नाडा येतो तिथे बघा.